पिकअपची उंची वाढवताय? पाटा चढवण्याआधी कागद बघा

चिरे वाहणारी पिकअप मागून बसायला लागली की गॅरेजवाला म्हणतो, "एक पाटा वाढवू." पाटा म्हणजे ॲक्सलवर भार पेलणारी स्प्रिंगची पोलादी पट्टी. दोन तासांत गाडी चार बोटं वर. कागदाचा विषय मात्र निघत नाही. तो निघतो थेट पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या तपासणीच्या दिवशी. आमच्या चुलतभावाच्या गाडीखाली वाकून इन्स्पेक्टरने पाटे मोजले आणि त्याला तसाच माघारी धाडला.

तुटलेला पाटा, गळका शॉकअप, खाऱ्या हवेने खाल्लेले यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे) कंपनीच्याच मापाचे बदलले तर ती दुरुस्ती. त्याला आरटीओकडे अर्ज नको, बिल जपून ठेवा. पाटे वाढवणं, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) किंवा पाट्याखाली ठोकळे घालणं म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल. तिथे मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 आडवं येतं. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये सांगितलंय. म्हणून बाजारातलं लिफ्ट किट, म्हणजे उंची वाढवायचे तयार भाग आणून मंजुरीची आशा धरू नका. कंपनीने तुमच्याच मॉडेलसाठी दिलेला जड पाट्यांचा पर्याय असेल, तरच अर्जात दम.

अर्ज आरसीवर नाव असलेल्या मालकानेच करायचा, तोही गाडी जिथे नोंदलेली आहे त्या आरटीओ कार्यालयात: रत्नागिरी एमएच-08, सिंधुदुर्ग म्हणजे ओरोस एमएच-07, रायगडसाठी पेण एमएच-06, पनवेल एमएच-46. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी घ्या. लोक नेमकी हीच विसरतात.

सोबत आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, आधार आणि पत्त्याचा पुरावा ठेवा. खरं वजन पडतं ते कंपनीच्या किंवा डीलरच्या पत्राचं: कोणता पाटा, किती, कुठल्या मॉडेलला. आधी लेखी परवानगी, मग काम. त्यानंतर गाडी तपासणीला न्यायची आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. विमा कंपनीलाही कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हाच पाटा कारण म्हणून पुढे करतील.

विनापरवाना बदलाला कलम 182अ खाली प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि पाटा वाढला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. जादा भाराला 20,000 रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनामागे 2,000.

दंडापेक्षा ब्रेकची भीती मोठी. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. गाडी किती दबली यावरून तो मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. पाटा चढवून मागची बाजू उचललीत की भरलेली गाडी त्याला रिकामी वाटते. हापूसच्या पेट्या भरून कशेडी घाट उतरताना मागचे ब्रेक कमी लागले तर काय होईल, ते ड्रायव्हरला विचारा. व्हॉल्व्हची दांडी आणि हेडलाइटचा रोख नव्याने जुळवल्याशिवाय गाडी तपासणीला नेऊच नका.