कमी कोरणे, अधिक दिसणे: आधुनिक दंतोपचारांची पार्श्वभूमी

दंतवैद्याच्या खुर्चीशेजारी आता पडदा असतो. तोंडात फिरवायचा छोटा कॅमेरा, काही सेकंदांत दाताची प्रतिमा दाखवणारा सेन्सर, लेप न वापरता माप घेणारा स्कॅनर आणि त्या मापावरून सिरॅमिकची कॅप कोरणारे यंत्र ही साधने अनेक रुग्णांच्या परिचयाची होऊ लागली आहेत. ती अचानक आल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकामागे दंतवैद्यकाची एखादी जुनी अडचण आहे आणि ती सुटायला कित्येक दशके लागली आहेत. या प्रवासाचा हिशेब रुग्णाच्या बाजूने मांडायचा, तर यंत्र किती अद्ययावत आहे यापेक्षा उपचार संपल्यावर मूळचा दात किती शिल्लक राहिला, हे पाहणे अधिक योग्य ठरते.

दात कोरणे ही कृती फार जुनी आहे. आजच्या पाकिस्तानातील मेहरगढच्या नवाश्मयुगीन दफनभूमीतील काही दाढांवर दगडी टोकाने पाडलेली छिद्रे आढळली आहेत आणि त्यांचा काळ सुमारे 7,500 ते 9,000 वर्षांपूर्वीचा मानला जातो. सुटत नव्हता तो वेदनेचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठणकणाऱ्या दातावरचा नेहमीचा उपाय म्हणजे तो उपटणे, आणि तेही रुग्ण पूर्ण शुद्धीवर असताना. डिसेंबर 1844 मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायूचा करमणुकीचा प्रयोग पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी तो वायू हुंगून स्वतःची दाढ सहकाऱ्याकडून काढून घेतली. पुढच्याच महिन्यात बॉस्टनमध्ये वैद्यांसमोर केलेले त्याचे प्रात्यक्षिक मात्र फसले. 1846 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच शहरात विल्यम मॉर्टन याने इथरच्या साह्याने ते यशस्वी करून दाखवले आणि मॉर्टनही दंतवैद्यच होता. शल्यचिकित्सेतील भुलीच्या इतिहासाची सुरुवात दातांच्या खुर्चीपासून होते, याची आठवण क्वचितच काढली जाते.

तरीही रुग्णाला बेशुद्ध करून तासभर बारीक काम करणे ना सोयीचे होते, ना सुरक्षित. केवळ तेवढा भाग बधिर करण्याचा मार्ग 1884 मध्ये कोकेनच्या उपयोगातून खुला झाला. पण कोकेनची विषारता आणि त्याचे लागणारे व्यसन लक्षात आल्यावर 1905 मध्ये प्रोकेन आणि 1943 मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिडोकेन यांनी त्याची जागा घेतली. लिडोकेन आजही वापरात आहे. जागा असलेला रुग्ण स्वस्थपणे तोंड उघडून बसू शकतो, या एका गोष्टीवर पुढची सगळी अचूकता उभी आहे.

कोरण्याच्या यंत्राच्या वेगाची कथा त्या मानाने थोडक्यात सांगता येते. 1871 मध्ये जेम्स मॉरिसन याने पायाने चालवायच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि चारच वर्षांत विजेवर चालणारे यंत्र आले. मात्र ती यंत्रे संथ होती आणि त्यांची थरथर कवटीभर जाणवत असे. 1957 मध्ये जॉन बोर्डन याने दाबलेल्या हवेवर फिरणारे एअरोटर बाजारात आणले, तेव्हा वेग मिनिटाला सुमारे 3 लाख फेऱ्यांवर गेला. एवढ्या वेगात दात तापतो, म्हणून कोरतानाच पाण्याचा फवारा सोडावा लागतो. रुग्णांना धडकी भरवणारा तो किणकिणता आवाज याच यंत्राचा आहे, पण काम मिनिटांवर आले आणि थरथर जवळजवळ गेली, तीही त्याच्यामुळेच.

खरी क्रांती मात्र दृष्टीची झाली. दोन दाढांच्या मध्ये लागलेली कीड, मुळाच्या टोकाशी साचलेला पू किंवा हिरडीखाली झिजलेले हाड यांपैकी काहीही आरशात दिसत नाही. दुखू लागेपर्यंत त्याचा पत्ता लागत नसे आणि तोवर बहुधा उशीर झालेला असे. विल्हेल्म रॉन्टगेन याने नोव्हेंबर 1895 मध्ये क्ष-किरण शोधले आणि काही आठवड्यांतच, जानेवारी 1896 मध्ये, जर्मनीतील दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ याने स्वतःच्या दातांची प्रतिमा घेतली. त्यासाठी काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळलेली काचेची पट्टी तोंडात धरून त्याला 25 मिनिटे न हलता राहावे लागले. आज त्याच कामाला सेकंदाचा अंश पुरतो. त्या सुरुवातीच्या उत्साहाची किंमतही मोठी होती. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स हे या तंत्राचे आद्य प्रसारक. यंत्र जुळवताना आपलाच हात किरणांसमोर धरण्याच्या सवयीमुळे त्यांना कर्करोग झाला आणि आधी बोटे, मग हात गमवावा लागला.

त्यानंतरची बहुतेक प्रगती किरणोत्सर्ग कमी करण्याची आणि चित्र अधिक बोलके करण्याची आहे. फिनलंडमधील युर्यो पातेरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास संपूर्ण जबडा एकाच पट्टीवर उतरवणारे तंत्र विकसित केले. रुग्णांना ते ओपीजी या नावाने ठाऊक आहे. 1987 मध्ये फ्रान्सिस मुयाँ यांच्या कामातून फिल्मऐवजी इलेक्ट्रॉनिक सेन्सर वापरणारी पद्धत फ्रान्समध्ये आली, त्यामुळे फिल्म धुण्याचा वेळ वाचला, किरणांची मात्रा घटली आणि प्रतिमा मोठी करून रुग्णालाच दाखवता येऊ लागली. यातला शेवटचा फायदा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण स्वतःच्या दाढेतली काळी पोकळी पडद्यावर पाहिलेल्या माणसाला उपचाराची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

या प्रतिमांची एक मर्यादा मात्र कायम होती: तीन मितींचा जबडा त्या सपाट कागदावर दाबतात. वरच्या दाढेला तीन मुळे असतील, तर ती एकावर एक पडतात आणि एखाद्या मुळातली चौथी नलिका लपून राहते; रूट कॅनाल करूनही दुखणे न थांबण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये विकसित झालेल्या कोन-बीम सीटी यंत्राने ही अडचण दूर केली. डोक्याभोवती एक फेरी मारून ते जबड्याचे त्रिमित चित्र तयार करते आणि दंतवैद्य त्याचे हव्या त्या दिशेने काप पाहू शकतो. त्यातील किरणांची मात्रा साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असल्याने प्रत्येक तक्रारीसाठी, विशेषतः मुलांमध्ये, ते वापरणे योग्य नव्हे. हे यंत्र दवाखान्यात आहे, एवढे कारण त्यासाठी पुरेसे नाही.

दिसू लागले तरी कोरण्याची पद्धत जुनीच राहिली असती, तर रुग्णाच्या पदरात फारसे पडले नसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक यांनी पोकळी भरण्याचे शास्त्र घालून दिले. पारा आणि चांदीचे मिश्रण दाताला चिकटत नाही, ते अडकून राहावे लागते. म्हणून आतून रुंद, तोंडाशी अरुंद असा खड्डा करणे भाग असे आणि पुढे कीड लागू नये यासाठी आजूबाजूचा निरोगी भागही काढला जाई. 1955 मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवले की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, फॉस्फोरिक आम्ल थोडा वेळ लावले तर त्यावर सूक्ष्म खाचा पडतात आणि राळेसारखे द्रव्य त्यात घट्ट बसते. रंग पक्का बसावा म्हणून धातूवर आम्ल लावण्याची कारखान्यांतील रीत त्यांच्या डोळ्यांसमोर होती. पुढे राफाएल बोवेन यांचे राळयुक्त मिश्रण आणि निळ्या प्रकाशाने ते घट्ट करण्याची पद्धत आल्यावर किडलेला भाग तेवढा काढून उरलेल्या दाताला चिकटवणे शक्य झाले. पडद्यावर मिरवणाऱ्या कोणत्याही साधनापेक्षा या आम्लाच्या थेंबाने अधिक दात वाचवले असावेत, असे माझे मत आहे. पाऱ्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे बंधन 2013 च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात आले, तेव्हा पर्याय आधीच तयार होता.

मापाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. कॅप किंवा ब्रिजसाठी (शेजारच्या दातांवर टेकवलेल्या कृत्रिम दातासाठी) चमचाभर लेप तोंडात दाबून धरायचा, रुग्णाला उमासे येत असताना तो घट्ट होण्याची वाट पाहायची, त्यावरून प्लॅस्टरचा साचा करायचा आणि तो प्रयोगशाळेत पाठवायचा, अशी रीत होती. लेप किंचित आक्रसला किंवा काढताना ताणला गेला, की कॅप उंच लागे. 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा ड्युरे यांनी प्रकाशाने माप घेण्याची कल्पना मांडली. झुरिच विद्यापीठात दंतवैद्य वेर्नर म्योरमन आणि अभियंता मार्को ब्रँडेस्टिनी यांनी 1985 मध्ये कॅमेऱ्याने घेतलेल्या मापावरून सिरॅमिकचा तुकडा खुर्चीशेजारीच कोरून त्याच बैठकीत दातात बसवला. सुरुवातीचे ते तुकडे ओबडधोबड होते आणि कडांशी फट राहत असे. दात चकाकतो व प्रकाश आतही शिरू देतो, त्यामुळे कॅमेऱ्याला त्याची कड नीट सापडत नसे. उपाय म्हणून माप घेण्यापूर्वी दातावर पांढरी भुकटी फवारावी लागे. आताच्या अनेक स्कॅनरना तिची गरज उरलेली नाही. ते तोंडात फिरत असताना प्रतिमा एकमेकींना जोडत जातात आणि राहिलेली जागा पडद्यावर लगेच दिसते. तरी हिरडीच्या आत उतरलेली कड किंवा रक्ताने भरलेली जागा स्कॅनरलाही दिसत नाही, तिथे दंतवैद्याचा हातच उपयोगी पडतो.

याच मापांना त्रिमित छपाईची जोड मिळाल्यावर 1997 मध्ये स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीसारख्या कंपन्यांनी दात सरळ करण्यासाठी तारांऐवजी पारदर्शक अलायनर आणले. इम्प्लांटलाही, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळालाही, त्याचा मोठा लाभ झाला. पेर-इंग्वार ब्रानेमार्क यांना 1952 मध्ये सशांच्या हाडात बसवलेले टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले आणि 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णावर उपचार केले, पण दंतवैद्यकाने ते मान्य करायला 1982 ची टोरंटो येथील परिषद उजाडावी लागली. त्यापूर्वी एक दात बसवण्यासाठी शेजारचे दोन निरोगी दात घासून ब्रिज करावा लागे. आता सीटीवरून हाडाची जाडी आणि नसेची जागा आधी मोजून, छापलेल्या साच्यातून ड्रिल नेमक्या कोनात उतरवता येते.

लेसरबद्दल मात्र अपेक्षा जास्त ठेवल्या गेल्या. इनॅमल कोरणाऱ्या एर्बियम लेसरला अमेरिकेत 1997 मध्ये मान्यता मिळाली आणि हिरडीच्या कामात लेसर उपयोगी ठरतात. दात कोरण्यात त्यांनी एअरोटरची जागा घेतलेली नाही.

सर्वांत ताजी भर क्ष-किरण प्रतिमा वाचणाऱ्या संगणकप्रणालींची आहे. दंतवैद्यांनी खुणा केलेल्या असंख्य प्रतिमांवरून त्या शिकतात आणि संशयास्पद जागेभोवती चौकट काढतात. दोन दाढांच्या मधली, इनॅमलपुरतीच असलेली कीड नजरेतून सुटू नये यासाठी त्यांचा चांगला उपयोग होतो. पण अशी सुरुवातीची कीड फ्लोराइड आणि खाण्याच्या सवयींतील बदल यांनी थांबू शकते. लाळ कमी असलेल्या, दिवसभर गोड खाणाऱ्या रुग्णाच्या दाढेवरचा ठिपका आणि वर्षभरापूर्वीच्या एक्स-रेतही तेवढाच असलेला ठिपका चौकटीत सारखेच दिसतात. पहिल्याकडे तातडीने लक्ष द्यावे लागते, तर दुसऱ्याला बहुधा फ्लोराइडचा लेप लावून काही महिन्यांनी पुन्हा पाहणे पुरते.