ब्रिटनमधील रेशनिंग (१९४०–१९५४)

दुसऱ्या महायुद्धात अन्न, कपडे, साबण अशा वस्तूंचा माणशी वाटा ठरवून देण्यासाठी ब्रिटिश सरकारने उभारलेली व्यवस्था. ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी व साखर यांपासून ती सुरू झाली आणि ४ जुलै १९५४ रोजी मांसावरील बंधन उठल्यावर संपली. या साडेचौदा वर्षांतली नऊ वर्षे युद्ध संपल्यानंतरची आहेत.

युद्धापूर्वी ब्रिटनचे निम्म्याहून अधिक अन्न जहाजांनी बाहेरून येई. जर्मन पाणबुड्या ती जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा टंचाई अटळ झाली. भाव वाढू दिले असते तर झळ फक्त गरिबांना बसली असती. म्हणून प्रत्येकाला रेशनचे पुस्तक मिळाले, राजघराण्यालाही. गिऱ्हाईकाने एका दुकानदाराकडे नाव नोंदवायचे. तितक्याच नावांचा माल त्याला पोचे. आठवड्याला चहा सुमारे ५७ ग्रॅम, साखर साधारण पाव किलो, अंडे बहुधा एकच. डबाबंद पदार्थांसाठी डिसेंबर १९४१ पासून माणशी ठरावीक गुण (पॉइंट) दिले जात, ते कोणत्या डब्यावर खर्चायचे हे घरच्या बाईने ठरवावे. कपड्यांना जून १९४१ पासून कूपने लागू लागली. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने.

अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांनी पाव आणि बटाटे युद्धकाळात मोकळे ठेवले. व्यवस्था टिकली ती याच निर्णयामुळे: जेवण बेचव झाले, पण पोट भरत राहिले. गरोदर स्त्रिया व पाच वर्षांखालील मुलांसाठी वेगळे, हिरव्या रंगाचे रेशनचे पुस्तक होते. त्यांना दूध, संत्र्याचा रस, कॉड माशाचे तेल आधी मिळे. युद्धाअखेर बालमृत्यूचे प्रमाण युद्धापूर्वीपेक्षा कमी होते. पोषण ही सरकारची जबाबदारी आहे, हे लोकांनी स्वतःच्या ताटात पाहिले. १९४८ मध्ये सुरू झालेल्या, सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य सेवेमागे जो जनमताचा आधार होता, त्यात या अनुभवाचा वाटा मोठा आहे.

त्याग मात्र सारखा वाटला गेला नाही. पैसेवाल्यांना उपाहारगृहात कूपनाशिवाय जेवता येई, आणि रांगेत तासन्‌तास उभ्या राहत त्या बायकाच. १९४५ मध्ये अमेरिकेची मदत तुटली, डॉलर संपत आले आणि जुलै १९४६ मध्ये, शांततेच्या काळात, पावावरही रेशन आले. ते दोन वर्षे राहिले. गृहिणींचा संताप तेव्हा सत्तेवर असलेल्या मजूर पक्षाला महागात पडला. गोळ्या-चॉकलेटे मुलांना मोकळी मिळाली ती फेब्रुवारी १९५३ मध्ये.

भारतात मुंबई शहरात १९४३ मध्ये रेशनिंग लागू झाले. मराठीतला ‘रेशन’ हा शब्द घरोघरी रुळला तो या काळात. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. तेही ब्रिटिश सरकारचेच प्रजाजन होते, पण तिथल्या खेड्यांना कोणी वाटा नेमून दिला नव्हता.