टाकळीच्या जपामागची वाट

नाशिकला गोदावरीच्या रामकुंडावर पहाटे जपाला बसलेल्या माणसाकडे थोडा वेळ पाहावं. आधी मंत्र ऐकू येतो, मग नुसते ओठ हलतात, मग तेही थांबतात. बोटांतले मणी मात्र सरकत असतात. हेच जपाचे तीन प्रकार: वाचिक, उपांशु, मानस. मनुस्मृती यांची चढती पायरी सांगते: विधिपूर्वक केलेल्या यज्ञाहून जप दहापट श्रेष्ठ, उपांशु शंभरपट, मानस हजारपट.

त्याआधी होता स्वर. वेद कित्येक शतकं फक्त तोंडी राहिले, म्हणून शब्द ढळू नये यासाठी पाठांची, म्हणजे पठणाच्या ठरावीक पद्धतींची, रचना झाली. घनपाठात पहिलं-दुसरं पद, मग दुसरं-पहिलं, मग पहिलं-दुसरं-तिसरं, तिसरं-दुसरं-पहिलं, आणि पुन्हा सरळ तिन्ही. नाशिकच्या शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन शाखेच्या परंपरेत स्वर हातानेही दाखवतात. उदात्त म्हणजे उंच स्वराला हात वर, अनुदात्त म्हणजे खालच्या स्वराला खाली. ‘पुरुषः’चा उच्चार ‘पुरुखः’ होतो. नवख्याला ती चूक वाटते, पण तो शाखेचा नियम आहे आणि गुरुजी तो कसोशीने गिरवून घेतात.

या आवाजाला ध्यानाकडे वळवलं उपनिषदांनी. मांडूक्य अवघ्या १२ मंत्रांचं. ओंकारातला अ म्हणजे जागृती, उ स्वप्न, म सुषुप्ती, म्हणजे गाढ झोप. चौथ्या अवस्थेला मात्रा, म्हणजे अक्षरच, नाही. योगसूत्र पुढे सांगतं, ‘तज्जपस्तदर्थभावनम्’: प्रणवाचा, म्हणजे ओंकाराचा, जप आणि त्याच्या अर्थाचं चिंतन. हल्ली ओंकाराच्या कंपनांबद्दलच फार बोललं जातं. अर्थ सुटला तर साधना अर्धीच राहते, असं मला मनापासून वाटतं.

मात्र वेदमंत्राला उपनयनाची अट होती. स्त्रिया आणि शूद्र बाहेर राहिले. रामनामाला तशी अट नव्हती. रामाच्या देवळाला मात्र होती: काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह करावा लागला. नाशिकच्या जपाचा इतिहास सांगताना हे वगळता येत नाही.

सतराव्या शतकात समर्थ रामदास नाशिकजवळच्या टाकळीला आले. ‘श्रीराम जय राम जय जय राम’, अक्षरं १३. परंपरा सांगते की त्यांनी १२ वर्षांत १३ कोटी जप केला. हिशेब मांडला तर रोज साधारण २९,७०० वेळा, म्हणजे १०८ मण्यांच्या सुमारे २७५ माळा. सूर्योदयापासून गोदावरी-नंदिनीच्या संगमात कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं, आणि दुपारी माधुकरीसाठी पंचवटीची वाट धरायची.