गोंगाटातला टाळ

विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रोडवर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणंही कळत नाही. तरी आपल्या गल्लीतल्या पथकाचा ठेका दुरूनच ओळखू येतो, कारण तो आधीपासून कानात बसलेला असतो.

पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 साली गुरुत्वीय लहरींसाठी, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या तरंगांसाठी, नेमका असाच विचार केला. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत जवळ येताना उठणारी लहर कशी असेल, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून आधी काढता येतं. मग तो नमुना हाती धरून यंत्रातला गोंगाट चाळायचा. त्यासाठी नमुने किती आणि कोणते घ्यायचे, हा खरा कळीचा प्रश्न त्यांनी सोडवायला घेतला. तेव्हा अशी एकही लहर कुणाला सापडलेली नव्हती, हे लक्षात घेतलं की या कामामागची चिकाटी मला फार मोठी वाटते.

14 सप्टेंबर 2015. गणपती बसायला तीन दिवस होते. आपल्याकडे दुपारचे 3 वाजून 20 मिनिटं झाली असताना, अमेरिकेतल्या ‘लायगो’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या दोन्ही यंत्रांमध्ये जेमतेम पाव सेकंदाची थरथर नोंदली गेली. यंत्रांच्या 4 किलोमीटरच्या बाहूंच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. नमुन्यांशी ताडून पाहिल्यावर ती कृष्णविवरांचीच ठरली.

विद्यापीठाच्या त्याच आवारात ‘एनसीआरए’ ही रेडिओ खगोलशास्त्राची संस्था आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली या संस्थेची रेडिओ महादुर्बीण, ‘जीएमआरटी’, नारायणगावजवळ खोडदला आहे. तिच्या 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या. जवळून पाहिलं तर तबकडीला पत्रा नाहीच, नुसती बारीक तारेची जाळी. वारा आरपार जातो, रेडिओ लहरी मात्र परावर्तित होतात.

इथली अडचण निराळी. तारे ज्यातून घडतात तो हायड्रोजन वायू 1420 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींतून बोलतो, पण 800 कोटी वर्षांपूर्वीच्या एकट्या दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाचा, आवाज कितीही कान दिला तरी पोचत नाही. पालखीच्या वाटेवर एका वारकऱ्याचा टाळ लांबून ऐकू येत नाही, अख्ख्या दिंडीचा येतो, कारण सगळे एका ठेक्यात वाजवतात. 2020 साली इथल्या संशोधकांनी 7653 दीर्घिकांचे संदेश तसेच एका ठेक्यात आणून एकत्र केले. संदेश 7653 पट वाढला, आपसांत न जुळणारा गोंगाट मात्र जेमतेम 87 पट. हायड्रोजन दिसला, मोजताही आला. त्या काळी तारे ज्या झपाट्यानं जन्मत होते, त्या वेगानं हा वायू फार तर 200 कोटी वर्षं पुरला असता. पुढे विश्वातली ताऱ्यांची निर्मिती मंदावली ती त्यामुळेच, असा त्यांचा निष्कर्ष आहे.