चार वाटे : नेरूळला पोचण्याआधीचा कोल्डप्ले

शनिवारच्या सरावाला भाचा आला तो मनगटात पांढरट पट्टा घालूनच. जानेवारी २०२५ मधली गोष्ट. आदल्या आठवड्यात तो आणि त्याचे तीन मित्र तुतारी एक्स्प्रेसने कुडाळहून निघाले, भल्या पहाटे पनवेलला उतरले, कोणाच्या तरी खोलीवर झोपले आणि दुपारी हार्बरच्या गाडीने नेरूळला गेले. डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ जानेवारीला कोल्डप्ले या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा कार्यक्रम होता. पनवेलहून जाताना नेरूळच्या दोन स्टेशनं अलीकडे बेलापूर लागतं, आणि तिथे कोकण भवन आहे. म्हणजे सरकारी हिशोबाने हे लोक कोकण विभागाच्या मुख्यालयाशेजारीच वाजवून गेले. मी हे भाच्याला सांगितलं. त्याला काही विशेष वाटलं नाही.

आमच्या भजनी मंडळाच्या बुवांनी मात्र तो पट्टा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘हे चौघे सत्तावीस वर्सा एकत्र रवले कशे? आमचो पखवाजवालो दुसऱ्याच वर्साक फुटलो.’

मंडळाची जमाखर्चाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे प्रश्न माझ्या बाजूने आला असंच मी धरलं. शोधायला गेलो तेव्हा उत्तर गाण्यांत कमी आणि हिशोबात जास्त सापडलं.

सुरुवात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली. सप्टेंबर १९९६ मध्ये रॅमसे हॉल या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ख्रिस मार्टिन आणि जॉनी बकलंड भेटले. एक डेव्हनचा, एक वेल्सचा. मार्टिन प्राचीन ग्रीस-रोमचा अभ्यास करायला आला होता, बकलंड गणित आणि खगोलशास्त्राला. वर्षभर दोघं गाणी रचत बसले. मग गाय बेरीमन बास गिटार घेऊन आला. तो अभियांत्रिकीला होता, नंतर वास्तुशास्त्राकडे वळला आणि शेवटी तेही सोडलं. ड्रमर मात्र मिळेना. विल चॅम्पियन मानववंशशास्त्राचा विद्यार्थी. गिटार, पियानो, बास, सगळं थोडंफार वाजवायचा, ड्रम तेवढे येत नव्हते. त्याच्या खोलीतला दुसरा मुलगा ड्रम वाजवायचा, पण ठरलेल्या वेळी तो आलाच नाही. मग चॅम्पियनच बसला आणि वाजवता वाजवता शिकला. आपल्याकडे भजनाच्या बारीच्या दिवशी झांजवाला आला नाही म्हणून कोरसातल्या पोराच्या हातात झांज देतात, आणि तो पुढची वीस वर्षं झांजच वाजवतो, तसं.

पहिला जाहीर कार्यक्रम जानेवारी १९९८ मध्ये, लंडनच्या कॅम्डेन भागातल्या एका पबात. तेव्हा नाव ‘स्टारफिश’. कोल्डप्ले हे नाव त्यानंतर आलं, तेही दुसऱ्या एका विद्यार्थ्यांच्या बँडने वापरून टाकलेलं. त्याच महिन्यात, २६ जानेवारीला, कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण ज्या रुळावरून भाचा नेरूळला गेला तो रूळ आणि तो ज्यांना ऐकायला गेला तो बँड एका वयाचे निघाले, याची मला गंमत वाटली.

मे १९९८ मध्ये त्यांनी ‘सेफ्टी’ नावाची छोटी ध्वनिमुद्रिका काढली, फक्त ५०० प्रतींची. बऱ्याचशा प्रती ओळखीच्यांत आणि संगीत कंपन्यांतच वाटल्या गेल्या. पैसा आणि धावपळ फिल हार्वीची. तो मार्टिनचा शाळेपासूनचा मित्र, ऑक्सफर्डमध्ये शिकत होता. या चौकडीचं कामकाज बघायचं म्हणून त्याने शिक्षण सोडलं. बँडचे लोक आजही त्याला पाचवा सदस्य म्हणतात, आणि तो फोटोत फारसा दिसत नाही. १९९९ च्या वसंतात पार्लोफोन या मोठ्या कंपनीशी करार झाला. ट्रॅफल्गार चौकात सह्या केल्या आणि मग अंतिम परीक्षा दिल्या.

आता बुवांच्या प्रश्नाकडे. करार झाला त्याच वर्षी बँड फुटता फुटता राहिला, आणि फुटत होता तो ड्रमवाल्यावरूनच. नव्या ध्वनिमुद्रिकेचं काम चाललं असताना मार्टिनला वाटायला लागलं की चॅम्पियनचं वाजवणं पुरेसं चांगलं नाही. त्याने त्याला काढून टाकलं. काही दिवसांत स्वतःचीच लाज वाटली, आणि विनवण्या करून परत आणलं. त्यानंतर चौघांनी काही नियम घातले. अमली पदार्थ घेणाऱ्याला बँडमध्ये जागा नाही. आणि मिळकतीचे सारखे वाटे. गाणं मुळात कोणीही सुचवलेलं असो, श्रेय चौघांच्या नावावर. ही कल्पना त्यांची स्वतःची नव्हे. आयर्लंडच्या यू-टू आणि अमेरिकेच्या आर.ई.एम. या बँडांकडून ती घेतली होती. आर.ई.एम. सुद्धा विद्यापीठाच्या गावातच जमलेली मंडळी.

मालवण, देवबागच्या किनाऱ्यावर ज्याने रापण पाहिली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धा फेरा मारते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि मग म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे ओढायला लागतात. मासळी विकली की होडीचा आणि जाळ्याचा वाटा बाजूला काढतात, उरलेलं ओढणाऱ्यांत. कोणी जास्त जोर लावला हे मोजायला कोणी बसत नाही. मोजायला बसले तर दुसऱ्या दिवशी दोराला माणसं मिळणार नाहीत. रॉक बँडात हे उलट चालतं. गाणी लिहिणारा रॉयल्टी नेतो, बाकीचे कार्यक्रमाच्या पैशावर, आणि पहिलं गाणं गाजलं की दोन वर्षांत वकील येतात. कोल्डप्लेत गाण्याचं मूळ बहुतेकदा मार्टिनकडूनच येतं. म्हणजे नुकसान झालं असेल तर त्याचंच. माझ्या मते त्याने केलेला सगळ्यात शहाणा सौदा हाच.

हार्वीच्या वाट्याचाही एक किस्सा आहे. पहिला अल्बम ‘पॅराशूट्स’ जुलै २००० मध्ये आला. वेल्समधल्या स्टुडिओत एका रात्री बाहेर येऊन आकाशभर तारे बघितले आणि त्यातून ‘यलो’ हे गाणं निघालं. त्या गाण्याने त्यांना घराघरात नेलं. दुसरा अल्बम जवळजवळ तयार झाला तेव्हा पियानोची एक धून अर्धवट पडलेली होती. तिसऱ्या अल्बमसाठी ठेवू, असं म्हणून बाजूला सारलेली. हार्वीने ती ऐकली आणि हट्ट धरला की हे आत्ताच पुरं करा. ते ‘क्लॉक्स’. २००४ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचं ग्रॅमी मिळालं. न वाजवणाऱ्या माणसाला वाटा का, असं आमच्या मंडळात दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. वही सांभाळणारा म्हणून मला हा किस्सा पाठ ठेवावा लागणार आहे.

टीकाकारांनी त्यांना कधी फार जवळ केलं नाही. ओअॅसिस या बँडला पुढे आणणाऱ्या अॅलन मगीने तर सुरुवातीलाच हे अंथरूण ओलं करणाऱ्यांचं संगीत आहे अशी संभावना केली. तिसरा अल्बम ‘एक्स अँड वाय’ लांबला, तेव्हा फेब्रुवारी २००५ मध्ये पार्लोफोन ज्यांची होती त्या ईएमआय कंपनीला नफा कमी होणार असं जाहीर करावं लागलं आणि शेअर कोसळला. चार माणसांची गाणी उशिरा झाली म्हणून एवढी मोठी कंपनी हलली. अल्बम जूनमध्ये आला आणि त्या वर्षी जगात सगळ्यात जास्त खपला. टीका थांबली नाहीच. गोडगोड आहे, रडवं आहे, सगळं सारखंच आहे. यातलं ‘सारखं’ मला थोडं पटतं. त्या काळची चार गाणी ओळीने लावली तर कुठलं संपलं आणि कुठलं सुरू झालं हे भाच्यालाही पटकन सांगता आलं नाही.

बहुधा त्यांनाही ते कळलं असावं. चौथ्या अल्बमसाठी त्यांनी ब्रायन ईनो या संगीत-निर्मात्याला बोलावलं आणि त्याने सवयी मोडायला लावल्या. २००८ च्या त्या अल्बममधल्या ‘विवा ला विडा’ या गाण्याची ओळख सांगायची तर गिटार नाही, व्हायोलिनसारख्या तंतुवाद्यांची ठाशीव लय आहे. आणि चॅम्पियन कार्यक्रमात त्या गाण्याला ड्रमचा संच सोडून नगाऱ्यासारखं टिंपनी आणि एक मोठी घंटा वाजवतो. भाच्याने मोबाइलवर हा भाग बुवांना दाखवला. घंटेवर हातोडा पडला तसे बुवा पेटीवरून हात उचलून बघत राहिले. ‘ह्यो म्हणजे तो काढलेलो?’ त्यांनी विचारलं. हो, तोच. १९९९ मध्ये ज्याचं वाजवणं कमी पडत होतं तो.

अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानीने या गाण्यावर चोरीचा दावा ठोकला होता. २००९ मध्ये तो मिटला. त्याच वर्षी गाण्याला ग्रॅमी मिळालं.

मधल्या वर्षांत फार रेंगाळण्यासारखं नाही. २०१२ च्या दौऱ्यापासून प्रेक्षकांच्या हातात चमकणारे पट्टे आले. बँड दूरवरून सिग्नल सोडतो आणि सगळं स्टेडियम एका रंगाचं होतं. तिथून कोल्डप्ले ऐकण्याइतकाच बघण्याचाही कार्यक्रम झाला. ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात मुख्य मंचावर सर्वाधिक पाच वेळा मानाची जागा त्यांना मिळाली, शेवटची २०२४ मध्ये.

भारताशी संबंध २०१६ मध्ये जुळला. जानेवारीत ‘हिम फॉर द वीकेंड’चा व्हिडिओ आला, मुंबईत चित्रित केलेला. त्यात रंगपंचमी, साधू, मोर, आणि बियॉन्से हिंदी सिनेमाच्या नटीच्या वेशात. भारत म्हणजे एवढंच का, अशी ओरड झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला ते वांद्रे-कुर्ला संकुलात प्रत्यक्ष वाजवायला आले. नोटाबंदीला अकरा दिवस झाले होते. अर्धी मुंबई एटीएमच्या रांगेत आणि उरलेली एमएमआरडीए मैदानाच्या रांगेत, असं तेव्हा आमचा मुंबईकर भाऊ म्हणायचा. ए. आर. रहमान त्यांच्यासोबत मंचावर आला आणि मार्टिनने ‘वंदे मातरम्’ला सूर लावला.

२०१९ च्या अल्बमनंतर त्यांनी दौराच काढला नाही. हजारो मैल विमानं आणि ट्रक फिरवून पर्यावरणाबद्दल बोलायचं हे बरोबर दिसत नाही, असं कारण दिलं. मग तयारी करून मार्च २०२२ मध्ये कोस्टारिकाहून ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’चा दौरा सुरू केला. नाव ग्रहगोलांचं. खगोलशास्त्र शिकलेला बकलंड गिटारवर आहेच. या दौऱ्यात प्रेक्षक नाचले की वीज तयार करणारी जमीन होती, पायडल मारून वीज देणाऱ्या सायकली होत्या, आणि प्रत्येक तिकिटामागे एक झाड लावायचं ठरलेलं होतं. २०२४ मध्ये त्यांनी सांगितलं की आधीच्या दौऱ्याच्या तुलनेत दर कार्यक्रमामागे कार्बन उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटलं. मिळकतीचा दहावा हिस्सा ते दानात देतात, आणि हे बऱ्याच वर्षांपासून. हंगामातला पहिला आंबा देवळात ठेवणाऱ्यांना हेही ओळखीचं वाटेल.

२२ सप्टेंबर २०२४ ला नेरूळची तिकिटं विकायला निघाली आणि बुकमायशोवर १ कोटी ३० लाख लोक आले. साइट बसली. भाचा चार मोबाइल आणि एक लॅपटॉप उघडून बसला होता. रांगेतला त्याचा नंबर लाखांत होता, आणि तो नंबर तो अजून सांगतो, अभिमानाने. तिसरा दिवस वाढवला तेव्हा कुठे त्यांना तिकिटं लागली. ज्यांना लागली नाहीत त्यांनी २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम घरी बसून मोबाइलवर बघितला. नेरूळला मार्टिन हिंदीत बोलला, बुमराहचं नाव घेऊन सगळ्यांना हसवलं, आणि इंग्रजांनी इथे जे केलं ते तुम्ही माफ केलंत म्हणून आभारही मानले. शेवटच्या वाक्यावर बुवा म्हणाले, ‘माफ कोणी केल्यान?’

तो पट्टा खरं तर बाहेर पडताना परत द्यायचा असतो. पुढच्या शहरात तोच वापरतात, आणि कुठल्या गावाने किती टक्के परत केले तेही पडद्यावर दाखवतात. भाच्याने ठेवून घेतला. स्टेडियमच्या बाहेर आल्यावर तो कधीच पेटला नाही. सरावभर पेटीच्या फळीवर पडून होता.

सराव संपला तेव्हा मी वही उघडली. आमची वाटणी अशी: बुवांचे दोन वाटे, पेटीचा दीड, पखवाजाचा एक, कोरसातल्या प्रत्येकाचा अर्धा. पखवाजवाला या ‘एका’वरूनच गेला होता. शिमग्यातली पहिली सुपारी ठरली आहे आणि अजून पखवाज ठरलेला नाही. बुवांनी वहीचं पान बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘सगळ्यांचो एक एक लिव. आणि तेका फोन लाव.’

मी लावला. बराच वेळ वाजला, उचलला नाही.

‘फाल्यां परत लाव,’ बुवा म्हणाले आणि पेटीचा भाता मिटला.