सुझॅना प्लेस : सरकारजमा झालं आणि वाचलं

सिडनी बंदरालगतच्या ‘द रॉक्स’ या जुन्या वस्तीत, ग्लॉस्टर स्ट्रीटवर, भिंतीला भिंत लावून चार घरं उभी आहेत. कोपऱ्यावर किराणा दुकान. १८३८ साली आयर्लंडहून आलेल्या एडवर्ड आणि मेरी रायली यांनी १८४४ मध्ये ती बांधली आणि नात्यातल्या सुझॅनाचं नाव दिलं. स्वयंपाकघर तळघरात, संडास मागच्या परसात. पुढच्या दीडशे वर्षांत इथे शंभरावर कुटुंबं राहून गेली.

ही घरं टिकली त्याचं श्रेय विचित्रपणे प्लेगकडे जातं. १८९४ मध्ये हाँगकाँग, १८९६ मध्ये मुंबई आणि जानेवारी १९०० मध्ये सिडनी, असा जहाजांवरच्या उंदरांबरोबर तो पोहोचला. ऑगस्टपर्यंत ३०३ रुग्ण, १०३ मृत्यू. मुंबईत १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दाट वस्त्या पाडल्या गेल्या, पुढे बीआयटी चाळी उभ्या राहिल्या. सिडनीतही सरकारने धक्क्यांसकट अख्खं रॉक्स ताब्यात घेतलं आणि बरंच पाडलं. सुझॅना प्लेस मात्र राहिलं आणि सरकारच त्याचं घरमालक झालं. सरकारी घरमालक कसा असतो हे आपल्याला नव्याने सांगायला नको! फारशी डागडुजी नाही, पण विक्रीही नाही आणि बिल्डरही नाही. हार्बर ब्रिजसाठी आसपासच्या घरांच्या रांगा गेल्या, तेव्हाही ही चार घरं सुटली.

खरा धोका १९७०च्या सुमारास आला. सरकारी विकास प्राधिकरणाला इथे टॉवर हवे होते. रहिवासी बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेले आणि मजुरांनी पाडकामाला हात लावायला नकार दिला. हाच ‘ग्रीन बॅन’. १९७३ मध्ये मजूर नेते जॅक मंडी यांना अटक झाली, पण टॉवरची योजना बरीचशी बारगळली. स्वतःच्या रोजीवर पाणी सोडून मजुरांनी दुसऱ्यांची घरं वाचवली, हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

१९९० पर्यंत शेवटचे भाडेकरूही गेले आणि १९९३ साली संग्रहालय उघडलं. घरं खरवडून १८४४च्या रूपात आणायची नाहीत, असं तेव्हाच ठरलं. म्हणून एकाच भिंतीवर वॉलपेपरचे थरावर थर दिसतात, जमिनीवर झिजलेलं लिनोलियम. काही खोल्या जुन्या रहिवाशांना विचारून त्यांच्या काळाप्रमाणे मांडल्या आहेत. १९३५ साली बंद पडलेलं दुकान तेवढं नव्याने सजवलं आहे.