माशी आणि खाच : स्थिर व बदलती (पिस्तूल, रिव्हॉल्वर)

नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच एका रेषेत आणून आखूड हत्याराचा नेम धरतात. खाच चौकटीतच कापलेली किंवा ठोकूनच सरकणारी असेल तर ती स्थिर. स्क्रूने वर-खाली व डावी-उजवीकडे फिरत असेल तर बदलती. स्वसंरक्षणाच्या हत्यारावर बहुधा पहिली असते, स्पर्धेच्या हत्यारावर दुसरी.

‘माशी’ हे नाव नळीवर बसलेल्या कीटकासारखा आकार दिसतो म्हणून मराठीत आपोआप पडले, असे एक मत आहे. परंतु फारसीत याच भागाला ‘मगसक’ म्हणजे छोटी माशी म्हणतात, हिंदीत ‘मक्खी’ आणि रशियनमध्ये ‘मुश्का’, तोही माशीच. नेमासाठीचा ‘शिस्त’ हा शब्दही फारसी ‘शस्त’वरून आलेला मानतात. तेव्हा हिंदुस्तानीमार्गे झालेले फारसी भाषांतर ही उपपत्ती अधिक पटते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने निवृत्त जवानांच्या तोंडी मात्र ‘फोरसाइट’, ‘बॅकसाइट’च असते.

पिस्तुलांवर लांब पल्ल्याच्या खुणा असलेली सरकती खाच १८९६ च्या जर्मन माउझर पिस्तुलापासून दिसते. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या इंग्लिस कारखान्याने चीनसाठी बनवलेल्या ब्राउनिंग पिस्तुलावर ५०० मीटरपर्यंतची खाच होती. कॅनडाच्या सैन्यासाठीच्या नमुन्यावर स्थिर. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या सरकारी कारखान्याचे ९ मिमी. पिस्तूल या दुसऱ्या वळणाचे. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्वरचीही खाच चौकटीच्या वरच्या पट्टीतच कापलेली असते.

स्थिर खाच एकाच गोळीशी जुळते. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते. तेवढ्यात धक्क्याने तोंड उचलले जाते आणि मार वर लागतो. म्हणून काडतूस बदलले की मार पुन्हा तपासावा. दुरुस्तीचे गणित असे : चुकीचे अंतर गुणिले माशी-खाचेमधले अंतर, भागिले लक्ष्याचे अंतर. दोहोंत १२० मिमी. असताना १० मीटरवर मार ६० मिमी. खाली लागत असेल, तर माशी ०.७२ मिमी. कमी करावी. खाच मात्र मार जिकडे न्यायचा तिकडेच सरकवतात, माशी उलट दिशेला. कानस एका वेळी ०.२ मिमी.पेक्षा जास्त चालवू नये, दर वेळी पाच गोळ्यांचा गट पाहावा. जास्त घासली गेली तर मार वर जातो, आणि नळीशी अखंड असलेल्या माशीला मग उपाय राहत नाही. हे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडेच द्यावे.

बदलत्या खाचेत हे सारे स्क्रूच्या काही टिचक्यांत होते. पण तिची पाती पातळ, स्प्रिंग नाजूक. हत्यार पडले तर पाती वाकते, धक्क्यांनी स्क्रू सैल होतो, कंगोरे सदऱ्यात अडकतात. बेळगावजवळच्या कणकुंबी-जांबोटीच्या पावसात स्प्रिंगखाली पाणी आणि लाल माती साचून गंज धरतो. कानशीने उघडे पडलेले पोलादही तिथे लगेच तांबूस होते. चामड्याच्या म्यानात हत्यार ठेवून देणे सर्वांत वाईट, कारण चामडे ओल धरते. घाटाकडच्या भागात स्थिर खाचच बरी.

ठोकून सरकणारी खाच असेल तर जुळवणी झाल्यावर खाच आणि तिचे बूड यांवरून एक बारीक उभी रेघ ओढून ठेवावी. निवडणुकीत ठाण्यात जमा केलेले हत्यार परत मिळाले की आधी ती रेघ पाहावी. तुटलेली दिसली तर खाच हलली आहे.